पाहुण्याचा चहा, मजुराचा चहा

गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या आठवडी बाजाराला दुपारी तीन-चारच्या सुमारास गेलात, तर एक दृश्य हमखास दिसते. सकाळी डोक्यावर टोपली किंवा खांद्यावर कावड घेऊन दूरच्या गावांहून चालत आलेल्या माणसांची विक्री आटोपलेली असते. चारोळी, हिरडा, डिंक, एखादी कोंबडी, जे काही आणले ते विकून मीठ, मिरची, तेल, साबण घेऊन झालेले असते. आता परतीची वाट धरायची. पण त्याआधी ही मंडळी चहाच्या टपरीपुढच्या बाकावर टेकतात. कागदावर गरम भजी येतात आणि त्यामागून चहा येतो. दुधाचा, दाट आणि भरपूर गोड. बरोबर मूल असेल तर त्याच्यासाठी थोडा बशीत ओततात. ग्लास रिकामा झाला की माणसे उठतात आणि चालू लागतात.

घरी रोज चहा होत असेलच असे नाही. होत असला तरी तो बहुधा दुधाविना असतो. बाजारच्या दिवशीचा दुपारचा चहा ही म्हणूनच आठवड्यातली एक छोटी चैन आहे. हजारो मैलांवर इंग्लंडमध्येही नेमक्या याच वेळी चहाची एक चैन केली जाते. तिथे तिला 'आफ्टरनून टी' म्हणतात. पातळ कापलेल्या पावाची सँडविचेस, केक, चिनी मातीची किटली असा तिचा थाट असतो. वेळ एक, वनस्पती एक आणि हेतूही एकच : कामाच्या दिवसातून काढलेला थोडा निवांतपणा.

पण या जंगलात चहाचे झाड उगवत नाही. मग तो इथवर आला कसा? आणि आला तो नेहमी चैन म्हणूनच आला का? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की दोन-तीनशे वर्षांचा इतिहास आणि थोडे रसायनशास्त्रही हाती लागते.

चार वाजताची भूक

चहा मूळचा चीनचा. आठव्या शतकात लू यू या चिनी विद्वानाने चहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, इतकी ही परंपरा जुनी आहे. युरोपात तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी नेला. इंग्लंडच्या राजघराण्यात त्याची आवड रुजवण्याचे श्रेय सामान्यतः कॅथरीन या पोर्तुगीज राजकन्येला दिले जाते. इ. स. १६६२ मध्ये तिचे दुसऱ्या चार्ल्स राजाशी लग्न झाले. मराठी वाचकाला हे लग्न दुसऱ्याच कारणाने ठाऊक असते, कारण याच लग्नाच्या करारात मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले.

सुरुवातीला चहा फार महाग होता, कारण त्यावर जबर कर होता. १७८४ मध्ये ब्रिटिश संसदेने हा कर ११९ टक्क्यांवरून एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला. त्यानंतर चहा सामान्य घरांतही परवडू लागला.

दुपारच्या चहाची प्रथा मात्र बरीच नंतरची, १८४० च्या सुमाराची आहे. ती बेडफर्डची सातवी डचेस ॲना हिने सुरू केली, असे सांगितले जाते. एका बाईने एक रिवाज सुरू केला आणि तो देशभर पसरला, असे इतिहासात सहसा होत नाही. त्यामागे परिस्थिती तयार असावी लागते. इथे ती अशी होती : दिव्यांची सोय सुधारली तसे श्रीमंत घरांतले रात्रीचे जेवण उशिरा, सात-आठ वाजता होऊ लागले. दुपारचे खाणे हलके असे. त्यामुळे मधल्या लांबलचक वेळात भूक लागायची. चार वाजता चहा आणि थोडे खाणे ही सोय झाली, आणि मैत्रिणींना बोलावल्यावर त्या सोयीचा समारंभ झाला.

लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की हा चहा दोन जेवणांच्या मधला होता. तो जेवणाची जागा घेत नव्हता.

एकाच देशात दोन चहा

त्याच काळात इंग्लंडमध्ये दुसराही एक चहा प्यायला जात होता. गिरण्यांतून दिवसभर राबून संध्याकाळी घरी परतलेला कामगार चहा, पाव आणि जमले तर थोडे मांस किंवा बटाटा असे खाऊन झोपत असे. हेच त्याचे रात्रीचे जेवण. त्याला पुढे 'हाय टी' असे नाव पडले. आज महागड्या हॉटेलांत हा शब्द श्रीमंती खाण्यासाठी वापरतात, पण मुळात तो कष्टकऱ्यांच्या जेवणाचा होता.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ सिडनी मिन्ट्झ यांनी साखरेच्या इतिहासावर १९८५ मध्ये एक महत्त्वाचे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दाखवले, की औद्योगिक क्रांतीच्या काळात गोड चहाने इंग्रज कामगाराच्या आहारातल्या जुन्या पदार्थांना मागे सारले. पेज शिजवायला वेळ आणि इंधन लागते. चहा मात्र चटकन होतो, थंड पाव त्याच्याबरोबर गरम वाटतो, साखरेने लगेच तरतरी येते आणि कॅफीनमुळे थकवा जाणवत नाही. ही साखर कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेली होती. इंग्लंडच्या साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ मध्ये झाला, तोवर कपातला गोडवा गुलामांच्या श्रमाचा होता.

चहाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८३२ च्या सुमारास प्रेस्टन या गिरणगावात जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दारू सोडण्याची शपथ घेण्याची चळवळ उभारली. तिच्या सभांना शेकडो कामगार कुटुंबांसह येत आणि एकत्र चहा पीत. गुत्त्याला पर्याय म्हणून बसण्याची, बोलण्याची जागा चहाने दिली. शिवाय चहासाठी पाणी उकळावे लागते, आणि उकळलेल्या पाण्याने रोगराईही टळते.

म्हणजे एकच पेय एका घरी चैन होते, दुसऱ्या घरी जेवणाची जागा घेणारे होते आणि तिसरीकडे दारूपासून सुटकेचा आधार होते. ही तिन्ही रूपे पुढे आपल्याकडेही दिसणार आहेत.

पान कुठले, हात कुणाचे?

इंग्लंडला चहा चीनकडून घ्यावा लागे. चीनला मोबदल्यात इंग्रजी माल नको होता, चांदी हवी होती. ही चांदीची गळती थांबवण्यासाठी भारतात पिकवलेली अफू चीनमध्ये घुसवण्याचा व्यापार वाढला. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई. त्यातूनच १८३९ ते १८४२ चे पहिले अफूयुद्ध झाले.

दरम्यान, चीनवर अवलंबून न राहता चहा मिळवण्याची खटपट सुरू होतीच. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस याला आसामच्या सिंगफो लोकांकडून तिथे रानात वाढणाऱ्या चहाची माहिती मिळाली. सिंगफो लोक हा चहा आधीपासूनच पीत होते. तेव्हा 'शोध' लागला तो इंग्रजांना, चहाला नव्हे. जानेवारी १८३९ मध्ये आसामच्या चहाच्या पहिल्या पेट्या लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या आणि त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली.

मळ्यांना मजूर हवे होते. ते छोटा नागपूर, ओडिशा, आंध्रचा काही भाग आणि मध्य प्रांतातून, विशेषतः छत्तीसगडच्या बाजूने, आणले गेले. दुष्काळ, कर्ज आणि जंगलावरचे नवे निर्बंध यांनी गांजलेल्या आदिवासींना दलाल गाठत. करार मोडून पळून जाणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याची सोय १८५९ च्या कायद्याने झाली होती आणि १८८२ च्या कायद्याने मळेवाल्यांच्या हाती आणखी अधिकार दिले. संथाळ, मुंडा, उराव यांच्याबरोबर गोंडही त्या मजुरांत होते. त्यांचे वंशज आजही आसामात 'चहा जमाती' म्हणून ओळखले जातात. मध्य भारतात गोंड अनुसूचित जमातीत मोडतात. आसामातल्या त्यांच्या भाऊबंदांना मात्र इतर मागास वर्गात गणले गेले आणि अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा यासाठी चहा जमातींना पिढ्यानपिढ्या झगडावे लागले आहे.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्गात चहाचा धडा शिकवताना आसाम नकाशावर दाखवून थांबू नये. आसामच्या मळ्यात पान खुडणाऱ्यांमध्ये आपल्या गोंडवनाच्या कुळातली माणसे होती, हेही मुलांना सांगावे.

चहा पाजण्याची मोहीम

हा चहा सुरुवातीला बहुतेक सगळा परदेशी जाई. भारतीय माणूस चहा पीत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्पादन वाढले, भाव घसरले आणि मळेवाल्यांना देशातल्या गिऱ्हाइकाची आठवण झाली. १९०३ मध्ये चहाच्या निर्यातीवर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. रेल्वे जंक्शनांवर फिरत्या विक्रेत्यांना किटल्या, कप आणि चहाची पाकिटे पुरवली गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणींत कामगारांसाठी चहाचे ठेले उघडण्यात आले. मजुराला मध्ये चहा मिळाला तर काम अधिक होते, हे मालकांना पटवून देण्यात आले होते. १९३० च्या दशकात तर प्रचारक घरोघर जाऊन चहा करून दाखवत.

तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात यातली दोन्ही दारे उघडी होती. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ पासून हा मुलूख इंग्रजांकडे आला. १८७० च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली आणि वर्ध्याहून तिथवर लोहमार्ग आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती खाण बंद पडली आणि बल्लारपूरकडची खाण पुढे आली. १९२९ च्या सुमारास बल्लारशाह-काजीपेठ हा दुवा पूर्ण झाला, तेव्हा दिल्ली-मद्रास हमरस्त्यावरचे स्थानक म्हणून बल्लारशाहला महत्त्व आले. स्वातंत्र्याच्या सुमारास तिथे बांबूपासून कागद करणारी गिरणी उभी राहिली. खाण, स्थानक, गिरणी या तिन्ही ठिकाणी पाळ्यांमध्ये काम चालते, आणि पाळीच्या कामाला चहाची सोबत लागते.

प्रचारकांनी सांगितलेली कृती मात्र लोकांनी मानली नाही. पाणी उकळा, किटलीत पत्तीवर ओता, झाका, मग वरून थोडे दूध घाला, असे ते सांगत. आपल्याकडच्या चहावाल्याने पत्ती, दूध, साखर, आले सारे एकाच भांड्यात खदखदवले. महाग पत्ती कमी आणि दूध-साखर जास्त, हा त्याचा हिशोब होता. पुढे या हिशोबाला यंत्राने हात दिला. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅक्‌कर्चर याने पान चिरडून, फाडून, त्याच्या बारीक गोळ्या करणारे यंत्र तयार केले. त्यालाच आपण 'सी.टी.सी.' चहा म्हणतो. बारीक कण असल्याने पाण्याशी येणारा पृष्ठभाग वाढतो, म्हणून रंग आणि कडकपणा लवकर उतरतो आणि थोड्या पत्तीत अधिक कप होतात. स्वातंत्र्यानंतर हा चहा देशभर पसरला. आज भारतात वर्षाला सुमारे १३० कोटी किलो चहा होतो आणि त्यातला चार-पंचमांश आपणच पितो.

वैनगंगेच्या पलीकडे हा प्रवास सावकाश झाला. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याला अनेक दशके वडसा (देसाईगंज) एवढेच काय ते रेल्वेचे दार होते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडे. अशा ठिकाणी जाणारा माल हलका, न नासणारा आणि थोडक्यात भागणारा असावा लागतो. मीठ आणि तंबाखू तसा होता, चहापत्तीही तशीच.

कुणाबरोबर प्यायचा?

चहा म्हणजे नुसते पेय नाही. कुणी कुणाला, कोणत्या भांड्यातून पाजला, हेही त्यात आले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. निमंत्रण देण्यात पुढाकार होता गोपाळराव जोशी यांचा, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पतीचा. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी तिथे होती. पुढे उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतल्याबद्दल गदारोळ उठला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताची भाषा सुरू झाली. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारक मित्रही त्यांच्यावर नाराज झाले. एका कपाने इतकी माणसे अडचणीत आणली.

ही उच्चवर्णीयांची अडचण होती. दलितांची अडचण याहून फार कठीण होती. त्यांच्यासाठी हॉटेलात वेगळ्या कपबश्या ठेवल्या जात. चहा बाहेर उभे राहून प्यायचा आणि आपला कप आपणच विसळून ठेवायचा. आठ-दहा पैशांची चैनही अपमान गिळल्याशिवाय मिळत नसे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात सार्वजनिक उपाहारगृहात प्रवेश आणि तिथली भांडी वापरण्याचा हक्क यांचा मुद्दाम उल्लेख करावा लागला, यावरून ही प्रथा किती रुजलेली होती ते कळते. त्यानंतर वर्षभराने, १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात हजारो लोकांना धम्मदीक्षा दिली. बाकावर बरोबरीने बसून सगळ्यांच्याच कपातून चहा पिणे, ही त्या लोकांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळ १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी आनंदवनाची सुरुवात केली. कुष्ठरोगी शेतात राबू लागले, भाजी आणि दूध तयार होऊ लागले. पण सुरुवातीला गावातले लोक ते घ्यायला भीत. पुढे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, त्यांच्यासोबत जेवू लागले, तेव्हा ही भीती हळूहळू ओसरली. कुष्ठरोग स्पर्शाने सहजासहजी पसरत नाही, हे शास्त्र लोकांना भाषणापेक्षा एकत्र खाण्यापिण्याने अधिक लवकर पटले.

दूध वासराचे

आता पुन्हा जंगलात येऊ. भामरागड, एटापल्ली भागातल्या माडिया गोंडांच्या घरी चहा मिळाला तर तो बहुधा काळा असतो. गरिबीमुळे दूध नाही, असा बाहेरच्या माणसाचा पटकन समज होतो. पण कारण तेवढेच नाही. दूध काढण्याची रीत मुळात माडिया समाजात नव्हती. गाईचे दूध हे वासराचे, असे ते मानत आले. ज्या समाजांत पिढ्यानपिढ्या दूध प्यायले जात नाही, तिथे मोठेपणी दुधातली शर्करा पचवण्याची क्षमताही अनेकदा कमी असते. तेव्हा काळा चहा हा 'अर्धवट' चहा नव्हे. उलट दूध न घालता चहा पिण्याची चिनी लोकांची पद्धत त्याच्याशी अधिक जुळते.

चहा येण्यापूर्वी इथे काय पीत? उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी भोपळ्याच्या तुंब्यात भरून नेलेली आंबील किंवा पेज दिवसभर पुरते. माडिया भाषेत तिला 'जावा' म्हणतात. गोरग्याच्या झाडाचा रस असे, मोहाची दारू असे. पाहुणा आला, सण आला, पंचायत बसली की मोह लागे.

आज पाहुण्यापुढे चहाही येतो. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, नाटकांच्या रात्री जागतात, लेकी-जावई, सोयरे गावी येतात आणि चुलीवरचे आधण दिवसभर उतरत नाही. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली. पाहुणचार म्हणून देण्याजोगे आणि कायद्यात बसणारे पेय म्हणून चहाला तिथे वेगळेच महत्त्व आहे. प्रेस्टनच्या गिरणी कामगारांची इथे आठवण होते.

पण दुसरा चहाही इथे पोहोचला आहे. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसे पहाटेच जंगलात शिरतात. पेज शिजवायला वेळ नसतो. मग गूळ किंवा साखर घालून काळा चहा घ्यायचा आणि निघायचे. दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम, म्हणजे ४० कॅलरी. यातून प्रथिने जवळजवळ काहीच मिळत नाहीत. कॅफीनमुळे भूक आणि थकवा काही काळ जाणवत नाही, पण ती भागलेली नसते. तीच गोष्ट पोळी किंवा बिस्किट चहात बुडवून शाळेत येणाऱ्या मुलांची. इंग्लंडमधल्या कामगाराच्या घरी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी जे घडले, ते इथे आपल्या डोळ्यांसमोर घडते आहे.

कपातली शाई

याला रसायनशास्त्राचीही एक बाजू आहे आणि ती वर्गात सहज दाखवता येते. शाळेत मिळणारी लोहाची एक गोळी घ्या. वरचे रंगीत आवरण पाण्याने धुऊन काढा, गोळी कुटा आणि थोड्या पाण्यात ढवळून गाळून घ्या. गोळी नसेल तर चिमूटभर हिराकस चालेल. आता या पाण्यात दुधाविना केलेला, गाळलेला कडक चहा ओता. थोड्या वेळात मिश्रण काळेनिळे होऊ लागते. दुसऱ्या ग्लासात चहाऐवजी हिरड्याचा काढा घाला, रंग आणखी गडद येईल. पूर्वी पोथ्या लिहिणारे हिरडा आणि हिराकस यांपासूनच शाई करत. ज्या हिरड्याच्या टोपल्या आपली मुले बाजारात पाहतात, त्याच्यातले आणि चहातले टॅनिनसारखे पदार्थ लोहाला धरून ठेवतात, म्हणून ही शाई होते. आता काळ्या झालेल्या एका ग्लासात लिंबू पिळा आणि काय होते ते मुलांनाच पाहू द्या. प्रयोगातले काहीही प्यायचे मात्र नाही.

पोटातही असेच काहीसे होते. धान्य, डाळी, पालेभाज्यांतले लोह चहातल्या या पदार्थांनी बांधले जाते आणि शरीराला कमी मिळते. जेवणाबरोबर चहा घेतला तर हे शोषण निम्म्याहून अधिक घटू शकते, असे प्रयोगांत दिसले आहे. तोच चहा जेवणानंतर तासाभराने किंवा त्याहून उशिरा घेतला तर परिणाम बराच कमी होतो. उलट लिंबू, आवळा, चिंच यांच्या आंबटपणाने लोहाचे शोषण वाढते. ज्या भागात स्त्रिया आणि मुले यांच्यात रक्तक्षय नेहमीचा आहे, तिथे ही माहिती शिक्षकाने सांगितलीच पाहिजे. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, हे तर आवर्जून.

महात्मा गांधींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत असताना आरोग्यावर एक लहान पुस्तक लिहिले. त्यात पत्ती उकळत ठेवून केलेल्या चहाला त्यांनी याच टॅनिनसाठी दोष दिला होता. घ्यायचाच असेल तर गाळणीत पत्ती ठेवून वरून उकळते पाणी ओतावे आणि फिकट रंग आला की थांबावे, असे त्यांचे सांगणे होते. त्यांचे सगळे मत आपल्याला पटेल असे नाही, पण उकळण्याच्या वेळेचा मुद्दा शास्त्राला धरून आहे.

वर्गात काय करता येईल?

मुलांना घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला पाच प्रश्न विचारून यायला सांगावे. तुम्ही पहिला चहा कधी आणि कुठे प्यायलात? तो कुणी दिला? त्याआधी पाहुण्याला काय देत? सकाळी काय खात-पीत? चहाच्या दुकानात सगळे एकाच कपातून पीत का? उत्तरे एका तक्त्यावर मांडली की गावाचा इतिहास समोर येईल. कुणी पहिला चहा रस्त्याच्या कामावर प्यायलेला असेल, कुणी बल्लारशाहच्या फलाटावर, कुणी लग्नाच्या मांडवात. पाचव्या प्रश्नावर काही मुले गप्प राहतील. तिथे घाई करू नये.

त्यानंतर चहाचे दोन प्रकार फळ्यावर लिहावेत : पाहुण्याचा चहा आणि मजुराचा चहा. पहिला दोन जेवणांच्या मधे, सोबतीने, विसाव्यासाठी घेतलेला. दुसरा जेवणाऐवजी, एकट्याने, भूक मारण्यासाठी घेतलेला. पत्ती तीच, साखर तीच. डचेसच्या दिवाणखान्यातला चहा आणि बाजारातल्या बाकावरचा चहा पहिल्या प्रकारात येतात. लंडनच्या मजुराचा आणि तेंदूपत्त्याच्या हंगामातला पहाटेचा चहा दुसऱ्या. हा फरक कळला की 'चहा चांगला की वाईट' हा नेहमीचा वादविवादाचा विषय निकामी ठरतो. तो कधी, कशाऐवजी आणि कुणाबरोबर घेतला, हे विचारावे लागते.

बाजारातून घरी निघालेल्या त्या माणसाचा चहा आपण हिरावून घेऊ नये. त्याने तो कमावलेला आहे. सकाळी शाळेत येणाऱ्या त्याच्या मुलाच्या पोटात मात्र चहाऐवजी पेज, भात, भाकरी असावी, एवढे आपण पाहू शकतो. दुपारचा चहा मग त्यालाही मोठेपणी चैन म्हणूनच मिळेल.